मधल्या जागेचा डावा हातमोजा

१

सकाळी सव्वाआठला कुलूप मी उघडतो. बाहेरच्या खोलीत चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, पांढरा डगला चढवायचा, टोपीत केस कोंबायचे, पायांत कापडी पिशव्या अडकवायच्या आणि मग आतलं दार. बारा वर्षं हेच करतोय. डोळे मिटून करू शकेन.

आत पेटी आहे. स्टीलची, समोरून जाड काच, दोन माणसं ओळीने झोपतील एवढी लांब. तिच्यात चंद्रावरचा दगड असतो. काचेखाली सहा गोल भोकं आहेत. तीन माणसांना शेजारी शेजारी बसून काम करता यावं म्हणून तीन जोड्या. प्रत्येक भोकाला खांद्यापर्यंत येणारा काळा रबरी हातमोजा कडीने घट्ट बसवलेला. काम करायचं ते त्या हातमोज्यात हात घालून. दगडाला उघड्या हाताने कुणी शिवायचं नाही, प्रयोगशाळेच्या साहेबांनीसुद्धा नाही.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पेटीत नायट्रोजन भरलेला असतो आणि त्याचा दाब खोलीतल्या हवेपेक्षा जरासा जास्त ठेवतात. कुठे बारीक फट राहिलीच तर आतलं बाहेर यावं, बाहेरचं आत जाऊ नये म्हणून. त्यामुळे कुणाचा हात आत नसला की हातमोजे फुगतात, उलटे होतात आणि भोकांतून बाहेर, खोलीत, ताठ उभे राहतात. सहा काळे हात. पहिल्यांदा पाहणारा माणूस दचकतो. मला ते दाराशी खोळंबलेल्या पाहुण्यांसारखे वाटत आले. मी रोज म्हणायचो, "काय मंडळी, झोप झाली का?" मग मोजायचे. सहा बाहेर. दाबाचा काटा बघायचा. हिरव्या पट्ट्यात. वहीत बरोबरची खूण, सही.

हातमोजा आपण होऊन आत जात नाही. आत ढकलून सोडला तरी फिरून बाहेर येतो. तो आत राहायचा तर त्यात हात पाहिजे.

ताईला जाऊन सेहेचाळीस दिवस झाले होते. त्या सकाळी मी मोजले तर पाच भरले.

२

मधल्या जागेचा डावा बाहेर नव्हता. काचेतून पाहिलं तर आत होता, सरळ पसरलेला, बोटं दगडाच्या ताटलीपासून वीतभर अलीकडे.

काटा हिरव्यात होता. मी त्याच्या काचेवर टिचकी मारली. हलला नाही. काटा बिघडला म्हणावं तर बाकीचे पाच ताठ उभे होते. दाब गेला असता तर सगळेच लोळले असते. रबर कुठे चिकटलं म्हणावं तर आत तेल नाही, पाणी नाही, साधा ओलावा नाही. कुणी मस्करी केली म्हणावं तर किल्ल्या दोनच, एक माझी आणि एक चिमटाबाईंची. चिमटाबाई म्हणजे ताईची विद्यार्थिनी. सदान्‌कदा हातात चिमटा, म्हणून ताईनेच ते नाव ठेवलं होतं. त्या मस्करी करणाऱ्यांतल्या नाहीत. केलीच तर आधी लेखी परवानगी मागतील.

मी भोकापाशी वाकलो. बाही आत जात होती. कोपरापर्यंत दिसत होतं, पुढे अंधार. रिकामी होती. म्हणजे जिथवर दिसत होतं तिथवर रिकामी.

नियम असा की असं काही दिसलं तर कशालाही हात न लावता साहेबांना बोलवायचं. मी आधी हात घातला. माझं आयुष्यभर असंच झालंय, आधी हात आणि मागून डोकं.

सकाळी ते रबर थंडगार असतं. बोटं काही वेळ आखडतात. हे कोमट होतं, कुणी नुकतंच उठून गेलेल्या खुर्चीसारखं. माझी बोटं तळाला पोचली तसा हातमोजा सैल झाला, माझ्या हातामागून हळूहळू आला आणि फुस्स करून बाहेर उभा राहिला.

सहा. मी वहीत बरोबरची खूण केली, सही केली आणि साहेबांना काही सांगितलं नाही.

३

का सांगितलं नाही, ते कळायला आधी ताई कळायला हवी.

ती माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. इतर मुलींच्या फ्रॉकच्या खिशांत गोळ्या निघायच्या, हिच्या खिशांत खडे. आईने एकदा धुणं भिजवलं तर बादलीच्या तळाशी बावीस खडे निघाले. आई बोलत राहिली आणि ताई ते ओले आहेत तोवर रंगांप्रमाणे लावत बसली. मोठे दगड ती हातोडीने फोडायची. मी विचारायचो, आत काय मिळालं? म्हणायची, "दगडच. पण आतून."

सतराव्या वर्षी ती दूरच्या कॉलेजात जायला निघाली. मी सहा वर्षांचा. तिने बॅग दाराबाहेर ठेवली आणि चौकटीला हात लावून ती वहाणा घालत होती. तिने जाऊ नये म्हणून मी आतून दार लोटलं, सगळं अंग घालून. फटीत सापडलेला हात तिने ओढून घेतला आणि मी घाबरून कडी घातली. डाव्या करंगळीचं पुढचं पेर गेलं.

आई मागच्या दाराने धावत आली. ताई भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. म्हणाली, "वारा होता." मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, दुखतंय का? म्हणाली, नाही रे. सहा वर्षांच्या पोरालाही कळलं असतं की खोटं बोलतेय. आठ दिवसांनी पट्टी बांधलेल्या हाताने ती गेलीच.

पुढे तिने दगडांच्या रसायनशास्त्रात नाव काढलं. दगड कशाकशाचा बनलाय आणि कधी बनलाय, हे त्याच्या कणाकणातून शोधायचं. चोविसाव्या वर्षी तिला चंद्रावरच्या दगडाचा पहिला कण मिळाला, मिठाच्या दाण्याहून बारीक. तिने फोनवर सांगितलं तेव्हा आईला वाटलं लग्न ठरलं. त्यानंतर सतरा वर्षं ती त्यातच होती. शिसं तिचा वैरी. कणातल्या शिशाच्या मापावरून त्याचं वय काढतात, आणि आपल्याकडे शिसं जिथे तिथे, धुळीत, रंगात, श्वासात. म्हणून ती पावडर लावायची नाही, बांगड्या घालायची नाही, केस पांढरे व्हायला लागले तरी कलप लावला नाही. मी तेव्हा हॉटेलांसाठी स्टीलची सिंक बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होतो. सातवीनंतर शाळेचं आणि माझं जमलं नव्हतं. मी घरात पाऊल टाकलं की ती आतून ओरडायची, "धांदऱ्या, आधी आंघोळ. दोनदा." आणि हीच बाई चहाचे कप पलंगाखाली सारून ठेवायची.

पेटीचा एक सांधा गळायला लागला. दोन कंपन्यांची माणसं येऊन हात टेकून गेली. तेव्हा तिने साहेबांना सांगितलं, माझा भाऊ बघेल. मी पाहिलं. केस शिरेल एवढीही फट ठेवली नाही. तिने त्या सांध्यावरून बोट फिरवलं, तेच तुटकं, आणि म्हणाली, "हे मात्र धांदरटपणाने केलेलं नाही." तेव्हापासून मी तिथलाच झालो.

४

आताचा दगड लिंबाएवढा होता. राखाडी, कोरडा, बघायला काहीच नाही. तो दुसऱ्या एका संस्थेचा. तीन वर्षांसाठी ताईला दिलेला.

त्यात तिला एक पांढरा कण सापडला, आणि त्याचं वय बाकीच्या कणांपेक्षा वीस कोटी वर्षांनी जास्त निघालं. ती त्या दिवशी घरी येऊन पायातले बूट न काढता पलंगावर आडवी झाली आणि छताकडे बघून हसत होती. पण बाहेरची मोठी माणसं म्हणाली, पेटीत हवा शिरली असेल, आपल्याकडचं शिसं लागलं असेल, हे वय खरं नाही. ती चिडली नाही. म्हणाली, बरोबर बोलतात, मीही तेच बोलले असते. त्याच दगडातून तसा दुसरा कण काढून दाखवला की झालं.

दुसरा कण शोधता शोधता एका मंगळवारी दुपारी जेवताना तिचं डोकं दुखायला लागलं. बुधवारी ती नव्हती. एक्केचाळीस वर्षं. मला यावर जास्त लिहिता येत नाही.

शोध चिमटाबाईंकडे आला. दगड परत न्यायला माणूस यायचा होता, त्याला आता एकोणीस दिवस उरले होते. त्या अवधीत मी वहीत लिहिलं असतं, की हातमोजा आत होता, तर साहेबांना एकच अर्थ काढता आला असता. दाब गेला होता. हवा शिरली. मग दुसरा कण सापडून उपयोग नाही, आणि पहिलाही गेला. सतरा वर्षांवर काट. आणि काट माझ्या सहीने.

एकदा मी तिच्या हातावर दार लोटलं होतं. परत लोटणार नव्हतो.

५

दोन दिवस काही झालं नाही. मी स्वतःची समजूत घातली की रडून रडून माझी नजर बिघडली असेल, रात्रीची झोप नाही, माणूस पाच आणि सहामध्ये चुकू शकतो. तिसऱ्या दिवशी तो परत आत होता, आणि ताटलीपर्यंत पोचला होता.

मी या वेळी काचेला नाक लावून पाहिलं. रबराच्या खाली भरीवपणा होता. तळव्याला फुगवटा, बोटांच्या सांध्यांना उंचवटे. रिकामा हातमोजा पडला तर चपटा पडतो, हा तसा पडला नव्हता. अंगठा भरलेला. पहिलं बोट, मधलं, त्याच्या शेजारचं, भरलेली. करंगळी दोन पेरांपर्यंत भरलेली आणि पुढचं टोक चपटं, दुमडून खाली लोंबत होतं.

त्या टोकाला आमच्याकडे शेपूट म्हणत. ताई त्या हातमोज्यात हात घालायची तेव्हा करंगळीचं टोक रिकामं राहायचं आणि कामात मध्ये मध्ये यायचं. मग ती उजव्या हाताने ते आत खोचायची आणि म्हणायची, "शेपूट आवरा." साहेबसुद्धा कधी कधी म्हणायचे, आज शेपूट फार वळवळतंय.

मी खाली फरशीवर बसलो. घाबरलो हे खरं. पण किती वेळ? पाच मिनिटं असेल. त्यानंतर जे वाटलं त्याला भीती म्हणता येणार नाही. सेहेचाळीस की एकोणपन्नास दिवस माझ्या छातीवर जो पाटा ठेवलेला होता तो कुणीतरी अलगद उचलला. मी रडलो, पण पोट भरल्यावर ढेकर यावा तसं.

तिचं काम अपुरं होतं. ती कामावर आली होती. यात नवल ते काय? तापात असताना यायची, साहेबांनी रजेवर पाठवलं तरी यायची.

मी साडेसातला यायला लागलो. चिमटाबाई साडेनऊला येतात, म्हणजे दोन तास आमचे. मी मधल्या जागेच्या समोर स्टूल टाकून बसायचो आणि घरचं सांगायचो. आईचा गुडघा. शेजाऱ्यांनी गच्चीवर बसवलेली टाकी. पलंगाखाली अजून तिचे दोन कप आहेत, मी काढलेले नाहीत. आतला हात हलताना मी कधी पाहिला नाही. मी बोलत असलो की तो स्थिर असायचा. माझी नजर काट्याकडे जाऊन परत आली की बोटं वेगळी पडलेली असायची. भोकात मात्र मी वाकून बघत नसे. पहिल्या दिवशी पाहिलं तेवढं पुरे, असं मी ठरवलं होतं. कुणी कपडे बदलत असताना दार ढकलू नये, तसं.

सव्वानऊला हात घालायचा, कोमट रबर मागे आणायचं. सहा. बरोबरची खूण. सही.

६

आईच्या ते लक्षात आलं. म्हणाली, आज दोन पोळ्या जास्त खाल्ल्यास, गुणगुणतोयस पण, कुणी भेटलं का? मी म्हणालो, काम नीट चाललंय. तिने पाणी दिलं आणि समोर बसली. मला काय झालं कुणास ठाऊक, चोवीस वर्षांत जे बोललो नव्हतो ते एका घोटात बोलून टाकलं. ताईच्या करंगळीवर दार मी लोटलं होतं.

आई म्हणाली, "माहीत आहे. वारा दार लोटतो. कडी घालत नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तिने वारा म्हटलं ना? मग वारा." आणि उठून तिने भांडी विसळायला घेतली.

त्या रात्री मी लहान मुलासारखा झोपलो.

चिमटाबाईंना कण सापडत नव्हता. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. दगडाच्या सहा बाजूंना त्यांनी अक्षरं दिली होती आणि रोज जाताना कुठली बाजू वर आहे ते लिहून ठेवत. सात दिवस उरलेले असताना त्या एका सकाळी काचेसमोर बसल्या आणि आपली नोंद दोनदा उघडून पाहिली. मग मला हाक मारली.

"काल मी 'ग' वर ठेवून गेले होते. आता 'च' वर आहे."

मी सांगितलं की सकाळी काच पुसली, पेटीला धक्का लागला असेल.

"दगड उलटण्याएवढा?"

मी म्हणालो, मी धांदरट आहे हे तुम्हाला ताईने सांगितलंच असेल. त्या हसल्या नाहीत. भिंगाखाली वाकल्या, मला काहीतरी बोलणार होत्या, तोंड उघडलंही, आणि तसंच राहिलं. 'च' बाजूच्या एका खाचेत पांढरं काहीतरी होतं.

"ही बाजू मी चार वेळा पाहिली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "इथे खाच नव्हती."

पण हातात चिमटा आलेला होता. माणूस हवं ते सापडल्यावर कसं सापडलं याची फार चौकशी करत नाही. मीही नाही केली.

चार दिवसांनी वय आलं. वीस कोटी वर्षांनी जास्त, पहिल्यासारखंच. साहेबांनी सगळ्यांसमोर चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, या कामावर पहिलं नाव तिचंच जाईल. मी बाहेर जाऊन जिन्यात बसलो. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

७

दगड न्यायला आलेला माणूस म्हातारा होता, उंच, नीटनेटका, बोलायला मोजका. त्याने दगड तपासला, चिमटाबाईंच्या नोंदी वाचल्या आणि मग माझी वही मागितली. एकेक पान उलटत तो सगळ्या बरोबरच्या खुणांवरून बोट नेत होता. आजवर माझ्या अक्षराकडे कुणी एवढं लक्ष दिलं नव्हतं.

"सहाही बाहेर असतात? रोज?"

"रोज," मी म्हणालो.

"एकदाही आत गेला नाही?"

साहेब माझ्याकडे बघत होते, चिमटाबाई ताटलीकडे. ताईची सतरा वर्षं माझ्या जिभेवर होती. मी म्हणालो, एकदाही नाही.

त्याने वही मिटली. मला वाटलं तो सुटल्यासारखा श्वास सोडेल. तो त्या सहा हातांकडे बघत राहिला, विशेषतः मधल्या जोडीकडे, आणि मग कागदावर सही केली. दगड चांगला आहे. काम खरं आहे. झालं.

जाताना मी त्याची पेटी उचलायला मदत केली. लिफ्टची वाट बघताना तो आपणहून म्हणाला की त्यांच्याकडे संध्याकाळी हातमोज्यांना पट्टे बांधून ठेवतात. मी विचारलं, सगळ्या पेट्यांच्या? म्हणाला, नाही, हा दगड ज्या पेटीत असतो तिच्याच.

"का?"

"पद्धत पडली आहे," तो म्हणाला. लिफ्ट आली.

प्रत्येक ठिकाणच्या आपापल्या सवयी असतात. आमच्याकडे निळं पेन चालत नाही, ते का, कुणाला माहीत आहे?

८

दुसऱ्या दिवशी साडेसातला गेलो तर सहा बाहेर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही सहा. पेटीत नुसती ताटली.

काम संपलं म्हणजे माणूस घरी जाणारच. मी स्वतःला हेच सांगत होतो. तरी आठ सकाळी मी स्टूल टाकून त्या ताठ काळ्या हातांसमोर बसलो आणि माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. 'काय मंडळी' म्हणायलाही तोंड उघडेना. ताई गेल्यावर दवाखान्यातून परत आलो होतो तो दिवस परत आला असं वाटलं, फक्त या वेळी भेटायला कुणी आलं नव्हतं.

नवव्या सकाळी पाच होते.

मधल्या जागेचा डावा रिकाम्या पेटीत होता. दगड नव्हता, ताटली मी आदल्या दिवशी धुवायला काढली होती, घेण्यासारखं आत काहीच नव्हतं. तो तळवा वर करून ठेवलेला होता, बोटं जराशी वाकवून, रस्ता ओलांडताना मोठं माणूस हात मागे करतं तसा.

मी विचार केला नाही. स्टूलवर बसलो आणि मधल्या जागेच्या उजव्या हातमोज्यात माझा उजवा हात घातला. रबर थंड होतं, बोटं आखडली. हात पुढे नेला आणि त्या हातात ठेवला. एकाच माणसाचे दोन हात एकमेकांत धरलेले असावेत तसं दिसत होतं काचेतून.

त्याने धरला.

दोन रबरांच्या आडून ऊब लागत होती. माझ्या छातीशेजारी डाव्या हातमोज्याचं भोक होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही, पण तिथून डगल्यावर गार लागत होतं, थांबून थांबून. मी म्हणालो, ताई, दुखतंय का? सहा वर्षांचा असल्यासारखं विचारलं. बोटं आवळली. मी ती एकेक करून मोजली, सवयच ती. अंगठा, पहिलं, मधलं, शेजारचं. करंगळी. ती माझ्या करंगळीत अडकली होती. शेपूट नव्हतं. टोकापर्यंत भरलेली होती, आणि टोकाला नखाची कड रबरातून लागत होती.

मला आधी गार पडल्यासारखं झालं. मग वाटलं, का नाही? इथली सगळी दुखणी इथेच राहत असतील. तिथे तिचं पेर परत आलं असेल. सगळं धड झालं असेल. असं व्हावं हेच तर मी चोवीस वर्षं मागत होतो.

थोड्या वेळाने मी हात काढायला लागलो. तो सुटेना. ताई कधी इतकं घट्ट धरायची नाही. पण इतके दिवस गाठही नव्हती पडली. मी थांबलो. बाहेरच्या खोलीत चिमटाबाईंच्या नळाचा आवाज आला, साडेनऊ झाले असणार, तेव्हा पकड गेली. डावा हातमोजा माझ्या मदतीशिवाय मागे सरकला आणि फुस्स करून बाहेर उभा राहिला. सहा. खूण. सही.

संध्याकाळी मी ताटावर बसलो तेव्हा आईने माझा उजवा हात धरला. करंगळीचं पुढचं पेर काळंनिळं झालं होतं, नख मुळापासून हललं होतं. मला ते तोवर दिसलंच नव्हतं.

"दारात सापडलं?" तिने विचारलं.

"वारा होता," मी म्हणालो.

 आईने कपाटातून पट्टी आणली, ताईसाठी आणलेल्या जुन्या डब्यातून, आणि बांधायला बसली. गाठ मारताना म्हणाली, "दुखतंय का?"

"नाही गं."

आणि ते खरं होतं. त्या पेरात काही लागतच नव्हतं. मी परत एकदा वाढून घेतलं, पोटभर जेवलो, आणि झोपताना गजर साडेसहाचा लावला.